पडीक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग लागून चारपाच दिवस झाले होते. सकाळी पडवीत चहा घेत बसलो असताना आमच्या भाच्याने जपानहून मोबाइलवर फोटो पाठवले. आमच्या घराण्यातला आखात सोडून दुसरीकडे नोकरीला गेलेला हा पहिलाच मुलगा. फोटोत हिरवंगार उंच माळरान, त्यावर चरणाऱ्या तांबूस जर्सी गायी, मागे ढगांतून डोकं काढलेला फुजी डोंगर, आणि एका फोटोत हा स्वतः हातात आइस्क्रीमचा कोन धरून उभा. खाली लिहिलं होतं : 'मामू, कियोसातोला आलोय. सुट्टी काढून. इतकी शांतता कुठे मिळणार?'

आम्ही फोटो पाहिले आणि मान वर केली. आमचं घर गुहागर तालुक्यात, शृंगारतळीच्या बाजारापासून फार लांब नाही. पडवीतून खाली पाहिलं की गडगा दिसतो आणि गडग्यापलीकडे उतरत गेलेली भाताची चार खाचरं. आमची. त्यांत त्या दिवशी कमरेइतकं गवत होतं. तेही हिरवंगार. शांतताही भरपूर होती, कारण तिथे बारा वर्षं जोत फिरलं नव्हतं.

आम्ही भाच्याला फोन करून थट्टेने म्हटलं, "अरे, गवत पाहायला एवढं भाडं खर्चून डोंगर चढलास? तुझ्या नानांच्या खाचरात यापेक्षा उंच वाढलंय." तो हसला. पण मग म्हणाला, "मामू, इथलं गवत कुणीतरी वाढवलंय. आपलं आपोआप वाढलंय." मुलगा इंजिनिअर आहे, तत्त्वज्ञ नव्हे. बोलून गेला आणि विसरलाही असेल. आम्हांला मात्र ते वाक्य काही सोडेना.

कियोसातोची हकिकत त्यानेच पुढे दोनतीन फोनांत सांगितली, काही आम्ही वाचून काढली. यामानाशी प्रांतात यात्सुगाताके नावाची डोंगररांग आहे. तिच्या दक्षिण पायथ्याच्या उतारावर हे गाव. रेल्वे स्टेशनच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे १२७५ मीटरवर. थंडी अशी की भात धड पिकत नाही. १९३८च्या सुमारास तिथे काही विस्थापित कुटुंबं येऊन राहिली. टोकियो शहराला पाणी पुरवण्यासाठी ओगोची धरणाचं काम निघालं होतं आणि ज्यांची गावं पाण्याखाली जाणार होती त्यांच्यापैकी काहींना ही उंचावरची उजाड जमीन मिळाली. हे वाचताना आमच्या वाचकांना कोयनेची आठवण येईल. आम्हांलाही आली. कोयनेचं पाणी वीज करून खाली पोफळीला उतरतं, वाशिष्ठीत मिसळतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. धोपाव्याहून फेरीबोटीत बसून दाभोळला जाताना आपण ज्या पाण्यावर तरंगतो, त्यात कुणाच्या तरी बुडालेल्या गावावरचं पाणी असतं.

त्याच १९३८ साली पॉल रश नावाच्या एका अमेरिकन माणसाने कियोसातोला 'सेइसेन-र्‍यो' नावाचं विश्रामगृह बांधलं. रश जपानला आला होता १९२५ साली, १९२३च्या मोठ्या भूकंपानंतर वाय.एम.सी.ए.ची मोडलेली कामं उभी करायला. पुढे टोकियोच्या रिक्क्यो विद्यापीठात शिकवू लागला. सेइसेन-र्‍यो त्याने बांधलं ते ख्रिस्ती तरुणांच्या शिबिरांसाठी. दोन दिवस डोंगरात जावं, प्रार्थना करावी, मन ताजं करावं आणि शहरात परतावं, एवढाच हेतू. मग युद्ध आलं. जपानने त्याला नजरकैदेत ठेवलं आणि १९४२ साली मायदेशी पाठवलं. युद्धानंतर तो परत आला, आणि हरलेल्या, उपाशी देशात नुसत्या प्रार्थनेच्या शिबिराने भागणार नाही हे त्याने ओळखलं. भात होत नसेल तर गवत होईल, गवत झालं तर गाय होईल, गाय झाली तर दूध होईल, या सरळ हिशेबावर तिथे शेती सुरू झाली. तिच्याबरोबर दवाखाना, वाचनालय, शेतीचं शिक्षण. या सगळ्याचं नाव 'कियोसातो शैक्षणिक प्रयोग प्रकल्प'. नावात 'प्रयोग' हा शब्द आहे, तो आम्हांला आवडला. रश १९७९ साली वारला, पण संस्था चालू आहे.

माणूस धर्मप्रसारक होता, हे आम्ही लपवत नाही. दूध पाजून धर्म शिकवण्याचा मार्ग आम्हांला कधीच पसंत पडलेला नाही, मग तो कुणाचाही धर्म असो. पण विश्रांतीसाठी बांधलेल्या घराच्या दाराशी उपाशी शेतकरी उभा आहे हे त्याला दिसलं, आणि त्यानंतर त्याची विश्रांती तशीच राहिली नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं.

पुढची हकिकत मात्र गमतीची आहे. १९८०च्या दशकात जपानकडे पैसा खेळू लागला आणि टोकियोची तरुण मंडळी झुंडीने कियोसातोला येऊ लागली. युरोपी धर्तीची छोटी अतिथीगृहं निघाली, नटनट्यांच्या नावाची दुकानं निघाली. १९९०नंतर तो फुगा फुटला. भाचा सांगत होता, स्टेशनसमोर रंग उडालेली बंद दुकानं अजून दिसतात. वर मात्र गायी चरतात आणि त्यांच्या दुधाच्या आइस्क्रीमसाठी रांग लागते. म्हणजे आज तिथे येणारा माणूस पुन्हा विश्रांतीसाठीच येतो. शेती पाहतो, कोन खातो, फोटो काढतो आणि जातो. यात वाईट काय, असं कुणी विचारील. वाईट काहीच नाही. आमच्या भाच्याने तरी दुसरं काय केलं?

तोच प्रश्न आम्ही स्वतःला विचारला, त्याला निमित्त झालं तारा गावाचं. त्याच हिवाळ्यात आम्ही तिघे निवृत्त शिक्षक पनवेलला एका निकाहाला गेलो होतो. परत येताना मुंबई–गोवा रस्त्यावर, कर्नाळ्याच्या किल्ल्याच्या पायथ्याला, तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटर पाहायला उतरलो. इतकी वर्षं एस.टी.च्या खिडकीतून पाटी पाहत होतो, उतरलो कधी नव्हतो. युसुफ मेहेरअली हे नाव आपल्या तरुणांना सांगावं लागतं, ही शरमेची बाब आहे. १९०३चा जन्म. सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरलं तेव्हा 'सायमन परत जा' ही घोषणा देणारे हेच. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत हे. १९४२ साली मुंबईचे महापौर हे, आणि 'छोडो भारत'चं मूळ इंग्रजी घोषवाक्य सुचवलं तेही यांनीच असं मानलं जातं. १९५० साली जेमतेम सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हे सेंटर सुरू केलं. जी.जी. २०२५ साली २ ऑक्टोबरला, शंभरी ओलांडून गेले. तेलाची घाणी, साबण, कुंभारकाम, शेती, दवाखाना, शाळा असा तिथला पसारा. मुंबईहून कॉलेजची मुलं शिबिराला येतात, चारदोन दिवस मातीत हात घालतात.

आम्ही तासभर फिरलो. घाणीचं तेल आणि साबणाच्या चार वड्या घेतल्या. सावलीत बसून डबे सोडले. छान वाटलं. तेवढ्यात आमच्यातले जे सर्वांत वडील, ज्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो, ते म्हणाले, "आपण तिघांनी मिळून शंभर वर्षं पोरांना शिकवलं. त्यातल्या एकालाही कुदळ धरायला शिकवलं का?" कुणी बोललं नाही. सरांनी मग डॉ. झाकिर हुसेन यांचा विषय काढला. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी शिक्षणपरिषद घेतली, तेव्हा हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा जो आराखडा झाला, तो करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिरसाहेब होते. 'नई तालीम' हे नावसुद्धा आपल्या कानाला परकं नाही. तरी तेव्हाच्या मुसलमान पुढाऱ्यांना ती योजना पटली नाही. मध्य प्रांतात तिच्याच सुमारास 'विद्यामंदिर' नावाची योजना आली होती. मंदिर या शब्दाने लोक बिथरले, आणि १९३८च्या पीरपूर अहवालात त्याची तक्रार नोंदली गेली. ती भीती अगदीच निराधार होती असं आम्ही म्हणणार नाही. सरकारी शाळेला असं नाव देणाऱ्यांनी चार माणसांना विचारायला हवं होतं. पण त्या नावाच्या भांडणात हाताच्या कामाचा मुद्दा जो बाजूला पडला, तो पडलाच. खरं म्हणजे आपल्याकडच्या खातेदार घराण्यांना ते सोयीचंच होतं. आमच्या घरात नांगर होता, पण तो धरणारा हात घरातला नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्याला असल्या गोष्टी बाहेरून शिकाव्या लागण्याचं खरं तर कारण नव्हतं. अप्पासाहेब पटवर्धन याच मातीतले. उच्चशिक्षित ब्राह्मण माणूस, रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून हट्ट धरून बसला आणि उपासाला लागला. पुढे १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि संडास, खत, मेलेल्या जनावरांचं चामडं, शेती हे सगळं एका ठिकाणी आणलं. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले आणि आपापल्या कामाला लागले.

असो. ताऱ्याहून परत आलो आणि साबणाची वडी न्हाणीत ठेवली. ती झिजत होती तोपर्यंत आम्हांला रोज सकाळी खाचराची आठवण होई. कारण त्याच पावसाळ्याच्या तोंडाला, भाच्याचे फोटो आले त्यानंतर आठ दिवसांच्या आत, एक प्रसंग घडला होता. तो आता सांगतो.

खालच्या वाडीतला एक कुणबी शेतकरी आमच्या पडवीत येऊन बसला. साठीचा माणूस. त्याला आम्ही लहानपणापासून ओळखतो. त्याचे वडील आमच्या आजोबांची हीच खाचरं कसत. तो म्हणाला, "भाई, ती खालची चार खाचरं मला द्या. नुसतं गवात वाढतंय. भात लावीन, मागून कुळीथ-पावटा करीन. तुम्हाला काय तुमचं वाटतं ते घ्या." आम्ही सांगतो म्हटलं. रात्री कुवेतला धाकट्या भावाला फोन लावला. सातबाऱ्यावर आम्हां भावंडांची आणि चुलतभावंडांची मिळून सतरा नावं आहेत. त्यातला व्यवहार कळणारा तोच. तो एका वाक्यात म्हणाला, "भाईजान, चुकूनही हो म्हणू नका. पीकपाण्याला नाव लागेल, कूळ लागेल, जमीन गेली समजा."

आम्ही दुसऱ्या दिवशी त्या माणसाला काय सांगितलं? सांगितलं की तिथे आम्ही काजू लावणार आहोत. हे खोटं होतं. वरच्या वरकस जमिनीत १९९०च्या फळबाग योजनेतले आंबे-काजू आहेत, तेच आमच्याने निगुतीने राखवत नाहीत. भाताच्या खाचरात काजू कोण लावतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो "बरं" म्हणाला आणि चहा न घेता उठला.

कूळकायद्याची भीती कोकणात घरोघर आहे, हिंदू घरांतही आहे. १९४८च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याने दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा, तो घरचा माणूस किंवा मजूर नसेल तर, कूळ मानला जातो. १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषकदिन' ठरला आणि कसणारा मालक झाला. त्याआधी १९४९च्या कायद्याने खोती संपली होती. त्या खोतीविरुद्ध १९३७ साली विधिमंडळात विधेयक आणलं होतं ते डॉ. आंबेडकरांनी, आणि चरीच्या शेतकऱ्यांनी तर त्यासाठी १९३३पासून सहा वर्षं संप केला होता. हे सगळं न्यायाचंच झालं. पण त्या न्यायाची एक विचित्र सावली आज सत्तर वर्षांनंतर आमच्या खाचरावर पडली आहे. ज्याच्याकडे जमीन आहे तो कसत नाही, ज्याच्याकडे हात आहेत त्याला देत नाही, आणि गवत दोघांच्याही डोळ्यांदेखत वाढतं.

इथपर्यंत आम्ही कायद्याला दोष देऊन मोकळे होऊ शकलो असतो. पण पेटीतले कागद चाळताना एक कागद हाती आला. १९५६ सालचा. त्या माणसाच्या वडिलांनी आमच्या आजोबांना लिहून दिलेला राजीनामा. आपण ही जमीन राजीखुशीने सोडत आहोत, असा मजकूर आणि खाली अंगठा. कृषकदिनाच्या वर्षभर आधी. असले राजीनामे तेव्हा शेकड्यांनी झाले. दांडेकर आणि खुदानपूर या अभ्यासकांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे कूळकायद्याची जी पाहणी केली आणि १९५७ साली प्रसिद्ध केली, तिच्यात या राजीखुशीच्या राजीनाम्यांबद्दल शंकाच व्यक्त झाली होती. आमचे आजोबा पाच वक्त नमाजी, दानधर्म करणारे. त्यांनी दमदाटी केली असेल असं आम्हांला वाटत नाही. पण ज्याला वाचता येत नाही आणि ज्याची चूल ज्याच्या अंगणातून पेटते, त्याच्याकडून अंगठा घ्यायला दमदाटी लागते कुठे? म्हणजे जी जमीन जाईल म्हणून आम्ही भीत होतो, ती एका अर्थी आधीच एकदा वाचवलेली होती, आणि ज्यांच्यापासून वाचवली होती, त्यांचाच मुलगा पडवीत बसून ती मागत होता. हक्काने नव्हे, वाट्याने.

आपली जमीन पडीक ठेवण्याचा अधिकार मालकाला आहे का? व्यवहारात तरी आहे. पण अंगठी पेटीत ठेवणं आणि खाचर पडीक ठेवणं एकच का? अंगठी पेटीत पडून राहिली तर शेजाऱ्याचं काही जात नाही. खाचरांचं तसं नसतं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं. आमचे बांध बारा वर्षं कुणी घातले नाहीत, ते फुटले, आणि खालच्या दोन शेतकऱ्यांचं पाणी भलतीकडे वाहून गेलं. आमच्या गवतात रानडुकरं व्यायली आणि रात्री ती त्यांच्या भातात उतरली. दोघांपैकी एकाने मग लावणी सोडली. आता त्याचंही गवत. पडीक जमीन ही अशी शेजाऱ्याकडे सरकत जाते.

दीनच्या परंपरेत या प्रश्नाचा बराच खल झालेला आहे, तो आपल्या प्रवचनांत का येत नाही कोण जाणे. ज्याच्याकडे जमीन आहे त्याने ती स्वतः पेरावी, नाहीतर आपल्या भावाला पेरायला द्यावी, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. लावलेल्या झाडाचं पाखराने किंवा जनावराने खाल्लेलं फळसुद्धा लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून जमा होतं, हीही आपण लहानपणी ऐकलेली असते. जमीन वाट्याने द्यावी की नाही यावर खुद्द इमामांत मतभेद होते. इमाम अबू हनीफा यांना ती रीत मान्य नव्हती. त्यांचेच शागीर्द अबू यूसुफ आणि मुहंमद यांनी ती मान्य केली. ओसाड जमिनीला कुंपण घालून तीन वर्षं तशीच ठेवणाऱ्याचा हक्क उरत नाही, असा दंडक हजरत उमर यांच्या नावे सांगतात. हा दंडक मालकी नसलेल्या ओसाड जमिनीचा आहे, आमच्या सातबाऱ्याला तो सरळ लागू नाही, हे कुणी मौलवींनी सांगण्याआधी आम्हीच सांगून टाकतो. पण गडगा घातला की काम झालं, ही समजूत तेव्हाही लोकांत होती आणि तिला तेव्हाही कुणीतरी हरकत घेतली होती, एवढं त्यातून दिसतं.

आता भावाची बाजू. ती मांडली नाही तर हा लेख लबाडीचा होईल. तो अठ्ठावीस वर्षं कुवेतला आहे. त्याने उन्हात काम केलं तेव्हा आमची लग्नं झाली, घरावर स्लॅब पडली. त्याला वर्षाआड दोन महिने सुट्टी मिळते. तेव्हा तो येतो, पडवीत बसतो आणि खाली पाहतो. आपल्या लोकांची गावं आता अशीच झाली आहेत. संगमरवरी फरशीची घरं, दहा महिने कुलूप, मे महिन्यात आठवडाभर बिर्याणी. कियोसातोच्या अतिथीगृहांत आणि यांत फरक एवढाच की इथे भाडं घेत नाहीत. आम्ही त्याला हे ऐकवलं तेव्हा तो रागावला. म्हणाला, "भाईजान, ती जमीन शेतीसाठी नाहीच. ती पुरावा आहे."

हे वाक्य आपल्या वाचकांना समजावून सांगावं लागणार नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबईहून जे आपले लोक गावी पळून आले, ते कशाच्या भरवशावर आले? २०१९च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर गोंधळ उठला, तेव्हा शृंगारतळीतल्या झेरॉक्सच्या दुकानांत आपल्या माणसांच्या हातात सर्वांत आधी कुठला कागद होता? सातबारा. पणजोबांचं नाव असलेला फेरफार. आपण इथलेच आहोत हे सांगायची वेळ आली तर दाखवायला काहीतरी हवं, म्हणून ती जमीन. अशा जमिनीला धोका नको, मग तिच्यावर गवत का वाढेना. भावाची ही भीती आम्हांला खोटी वाटत नाही, आणि ती घालवायला आमच्याकडे शब्दही नाहीत.

मात्र त्या रात्री आम्हांला एक विचार सुचला, तो त्याला सांगितला. पुरावा कागदाचा असतो तसा माणसांचाही असतो. पडवीत आलेला तो माणूस आणि त्याचे वडील तीन पिढ्या आमच्या जमिनीत उभे आहेत. उद्या कुणी विचारलंच की ही माणसं इथली का, तर तलाठ्याच्या दप्तराआधी साक्ष देणारा तोच आहे. त्याला आपण काजू लावणार म्हणून परत पाठवलं. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "पण कायदा?"

कायद्याचा प्रश्न खराच आहे. गंमत म्हणजे जपानमध्येही हेच झालं. युद्धानंतर १९४६ ते १९५० या काळात तिथे जमिनीची मोठी सुधारणा झाली, कसणारे मालक झाले, १९५२च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं. पुढे मुलं शहरांत गेली, म्हातारे मागे राहिले, आणि जमीन भाड्याने द्यायला मालक कचरू लागले, कारण दिली की परत मिळेल याची खात्री नाही. २०१५च्या तिथल्या शेतीगणनेत पडीक टाकलेली जमीन ४ लाख २३ हजार हेक्टर भरली. २०२३च्या पाहणीत रिकामी घरं निघाली ९० लाख, शंभरातली जवळजवळ चौदा. त्यांनी उपाय म्हणून २०१४पासून प्रत्येक प्रांतात एक सार्वजनिक संस्था नेमली. मालक जमीन त्या संस्थेला मुदतीने देतो, संस्था ती कसणाऱ्याला देते, मुदत संपली की मालकाची मालकाला. मालकी हलत नाही आणि कसणाऱ्यालाही काही वर्षांची शाश्वती मिळते. आपल्याकडे नीती आयोगाने नेमलेल्या डॉ. टी. हक समितीने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा एक नमुना कायदा सुचवला, तोही याच दिशेचा. तो नमुना झाला, आमच्या खाचरापर्यंत पोहोचला नाही. आणि जपानच्या त्या संस्थेलाही दुर्गम डोंगरउतारावरचे तुकडे घेणारा माणूस सापडत नाही, हेही खरं. कायदा वाट मोकळी करील, हात कुठून आणील?

यंदा मृगाच्या आधी आम्ही स्वतः खालच्या वाडीत गेलो. मध्ये दोन पावसाळे गेले होते. त्या माणसाच्या घरी जाऊन बसलो आणि आधी काजूची गोष्ट खोटी होती हे सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक होतं." मग १९५६चा कागद त्याच्यापुढे ठेवला. हे करावं की करू नये यावर आम्ही चार रात्री घालवल्या होत्या. आमच्या घरातून स्पष्ट विरोध होता. त्याने तो कागद हातात घेतला, वाचला आणि खालच्या अंगठ्यावर बराच वेळ बोट ठेवून बसला. "ह्यो आमच्या बाचा," एवढंच म्हणाला. आम्ही म्हटलं, खाचरं करा. तो हसला. "भाई, तेव्हा मागितली तेव्हा गुडघे होते. आता मुलगा नालासोपाऱ्याला, बैल विकले. चार नाय जमत. वरची दोन करतो. पॉवर टिलर भाड्याने आणू."

आम्ही भीत भीत कागदाचा विषय काढला. अकरा महिन्यांचा काहीतरी करार, भावाच्या समाधानासाठी. त्याने मान डोलावली. "करा तुम्ही कागद. पण अंगठा नाय देणार. मला सही येते."

करार अजून झालेला नाही. सतरा नावांपैकी नऊ जणांची संमती आली आहे, त्यात भाच्याच्या आईची, म्हणजे आमच्या बहिणीची, पहिली. कुवेतहून भावाचा निरोप नाही. फोन केला की मुलांची चौकशी करतो, पावसाची करतो, खाचराची करत नाही. दाढ मात्र त्या माणसाने आपल्या परड्यात पेरून ठेवली आहे. काल जाऊन पाहिली. अठरा दिवसांची झाली आहे. आठवडाभरात लावणीला येईल.